रोज एक नवा उतारा

दादरला एका भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर मी अडतीस वर्षे टंकलेखनाचा वर्ग चालवला. खोलीत बावीस यंत्रे होती. मी विद्यार्थ्यांकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसत असे. पालकांना ते विचित्र वाटे. विद्यार्थ्यांनी मला ‘पाठमोरे सर’ असे नाव ठेवले होते आणि मला ते ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती. टंकलेखकाचे हात पाहून फारसे काही समजत नाही. चुकणारा माणूस चुकण्यापूर्वी अडखळतो आणि ते अडखळणे ऐकू येते. बावीस यंत्रांच्या खडखडाटात चौथ्या यंत्रावरची मुलगी कळफलकाकडे पाहते आहे, हे मी मान न वळवता सांगत असे.

पुढे परीक्षा संगणकावर गेली. मी सहा संगणक घेतले, चार वर्षे रेटले आणि वर्ग बंद केला. यंत्रे भंगारात दिली. मला त्याचे फार दुःख झाले असावे, असे भेटणारे लोक गृहीत धरतात. मला आठवते ते एवढेच की यंत्रे जड होती आणि जिना अरुंद होता. एक यंत्र मी ठेवून घेतले. ते परळच्या माझ्या घरी टेबलावर कापडाखाली असते.

वर्ग बंद झाल्यावर तीन वर्षांनी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. माझगावच्या बाजूला एका कार्यालयात तो अधीक्षक आहे.

“सर, एक केस आहे.”

“मी वकील नाही.”

“ऐका तरी, सर. आमच्याकडे एक बाई अनुकंपावर लागलीय. नवरा आमच्याच खात्यात होता, नोकरीत असतानाच गेला, म्हणून हिला घेतलं. दोन वर्षांत मराठी तीसचं सर्टिफिकेट आणायचं, नाही आणलं तर सेवा समाप्त. ऑर्डरमध्येच लिहिलंय तसं. सव्वा वर्ष गेलं. एकदा परीक्षेला बसली, नापास झाली.”

“वर्गात पाठव.”

“वर्ग कुठे आहे, सर? तुम्हीच बंद केलात ना!”

मिनिटाला तीस शब्द, सात मिनिटे, न पाहिलेला उतारा. कुणाही सरळ माणसाला सहा महिन्यांत जमावे असे ते काम आहे. परंतु तिला तेवढे महिने मोकळे नव्हते. सासू अंथरुणाला खिळलेली. दिवसा शेजारीण लक्ष ठेवी आणि कार्यालय सुटले की हिला वडाळ्याच्या खोलीकडे धावावे लागे. उरलेल्या मुदतीत परीक्षेची एकच खेप धरता येत होती. त्यापुढच्या खेपेचा निकाल मुदत संपल्यावर लागला असता.

“ऑनलाइन शिकवा, सर.”

“टंकलेखन ऑनलाइन शिकवता येत नाही.”

“सगळं शिकवतात, सर. पोहणंसुद्धा.”

तो थट्टा करतो आहे असे मला वाटले. नंतर चौकशी केली तेव्हा तसे वर्ग खरोखरच आहेत असे समजले.

वेळ सकाळी सहाची ठरली. वडाळ्याला तिच्या इमारतीत पावणेसातला नळाला पाणी येई, तोवर ती मोकळी असे. मुलीचा लॅपटॉप टंकण्यासाठी आणि स्वतःचा फोन माझ्याशी बोलण्यासाठी, अशी तिने मांडणी केली होती. फोन एका पिठाच्या डब्याला टेकवलेला असल्याने मला तिचा चेहरा आणि खांदे तेवढे दिसत. मागे खाटेचे टोक आणि चादरीखालचे दोन पाय दिसत. ते सासूचे.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, “सुरुवात करा.”

“केली, सर.”

“मला काही ऐकू येत नाही.”

“मी टाइप करतेय, सर. हे बघा ना.” तिने दाखवण्यासाठी दोन्ही हात वर केले. अर्थातच तेवढा वेळ टंकणे थांबले.

माझ्या पुतण्याला मी हे विचारले. त्याने सांगितले की ही सॉफ्टवेअरे माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवतात. भांड्यांचा, पंख्याचा, कळफलकाचा आवाज गोंगाट समजून वाटेतच गाळून टाकतात. ते बंद करण्याची सोय असते असेही तो म्हणाला, परंतु तिच्या फोनवर ती सापडली नाही. ज्या एका गोष्टीवर मी अडतीस वर्षे शिकवले होते, ती गोष्ट माझ्यापर्यंत येण्याआधीच गाळली जात होती. मी शिकवणे थांबवले नाही. बोटांच्या जागा, मनगटाची उंची, पाठीचा कणा, हे सर्व बोलून सांगता येते. तिची नजर खाली गेली की पापण्या खाली येत. ते मला दिसे.

“खाली पाहू नका.”

“नाही पाहत, सर.”

“आत्ता पाहिलेत.”

“घड्याळ पाहिलं, सर.”

“घड्याळ भिंतीवर असते.”

मागून चादरीखालचे पाय हलले आणि कोणीतरी हसले.

सरावासाठी तिच्या कार्यालयाने प्रशिक्षणाचे एक संकेतस्थळ घेतले होते. त्यात धडे होते, घड्याळ होते, बारा उतारे होते. उतारा संपला की वेग आणि चुका ते स्वतःच मोजून दाखवी आणि वर एक तारा देई. अधीक्षकाने मलाही त्यात शिक्षक म्हणून प्रवेश मिळवून दिला. रोज सकाळी तिच्या नावापुढे आदल्या दिवशीचा आकडा दिसू लागला. प्रारंभी मी ते तुच्छतेने पाहिले. मग चहा घेताना पाहू लागलो. मग आधी तेच पाहू लागलो. आकडा एकोणीस होता. महिन्याने चोवीस झाला, मग एकोणतीस, तेहतीस, छत्तीस. कान नसलेल्या माणसाला कोणीतरी हातात काठी द्यावी तसे झाले आणि त्या काठीवर मी पुरता भार टाकला. तीन महिन्यांनी मी अधीक्षकाला कळवले की ती तयार आहे. रोजचा तास आठवड्यातून दोन दिवसांवर आणला. तिला सकाळची झोप मिळेल, हे कारण मी दिले. मलाही मिळणार होती.

परीक्षेला सदतीस दिवस उरले असताना सासू बोलली.

तोपर्यंत तिचा माझा संबंध “जय भीम, मास्तर” एवढ्यापुरता होता. मीही “जय भीम” म्हणे आणि तास सुरू होई. त्या दिवशी उतारा संपला, छत्तीसचा आकडा आला, आणि खाटेवरून आवाज आला.

“मास्तर, एक विचारू?”

“विचारा.”

“हिला रोज तेच ते का देता?”

“तेच म्हणजे काय?”

“आत्ता वाजलं ते टाकीचं. पहाटे तुमच्याआधी झाडांचं वाजवलं. काल परत टाकीचं.”

“आई, तुम्ही गप पडा हो,” सून म्हणाली. “सर, त्यांना यातलं काही कळत नाही. वाचता पण येत नाही.”

“वाचता येत नाय. बहिरी कुठं हाय मी?”

मी विचारले, टाकीचे आणि झाडांचे कसे ओळखता? ती म्हणाली की सून प्रथम प्रथम उताऱ्याचे नाव मोठ्याने वाची, तेव्हा आवाज लक्षात राहिला. “टाकीचं सुरवातीला धावतं, मग एक मोठा दम, मग तीन बारके. झाडांचं तसं नाय. ते रडत रडत सुरू होतं.”

ती बावीस वर्षे गिरणीत वायंडिंग खात्यात होती, हे मला त्या वेळी कळले. बॉबिनवर सूत चढताना धागा तुटला की यंत्राच्या आवाजात फरक पडतो. तो ज्यांना ऐकू येई त्यांचे काम टिके.

“गिरणीत काम केलेल्यांचे कान जातात असे ऐकले होते,” मी म्हणालो.

“ते लूमवाले. आमी वायंडिंगवाल्या.” त्यात बराच तोरा होता.

मी परीक्षा घेतली. संकेतस्थळावर मला उतारा निवडता येत असे. काहीही न बोलता मी एकामागून एक चार उतारे लावले. प्रत्येकाच्या दोन ओळी होताच खाटेवरून नाव येई. शाळेचा. पुलाचा. टाकीचा. अर्जाचा. चारही बरोबर.

मग मी सुनेला सांगितले, “टाकीचा उतारा पुन्हा लावा. आता पडद्यावर रुमाल टाका.”

“दिसणार कसं, सर?”

“टाका.”

तिने टाकला. खांदे हलू लागले. सात मिनिटांनी तिने रुमाल काढला तेव्हा वेग सदतीस आला होता. पाहून टंकला तेव्हाच्यापेक्षा एक अधिक.

तिला त्यातले गांभीर्य प्रथम कळले नाही. ती हसली. मी त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या एका स्फुटाचे छायाचित्र पाठवले आणि ते टंकायला सांगितले. सात मिनिटांनी मोजून पाहिले तर आकडा एकवीस होता. चुका चौदा.

मग सासू म्हणाली, “आता बघा कसं जागोजाग तुटलं.”

बारा उतारे तिने प्रत्येकी पन्नास-साठ वेळा केले असतील. डोळे अक्षरांवरून फिरत होते, पण बोटे पाठांतर म्हणत होती. फसवण्याचा तिचा हेतू नव्हता. तिला स्वतःलाही ते कळले नव्हते. माझ्या वर्गात हे होऊ शकले नसते. वर्गात मी रद्दी बाळगत असे: जुनी परिपत्रके, अहवाल, वर्तमानपत्रांची कात्रणे. एक कागद एका माणसाला एकदाच, हा माझा पहिला नियम होता. उतारे निवडण्याचे काम यंत्राकडे गेले आणि त्याबरोबर माझा नियमही मी देऊन टाकला. चूक तिची नव्हती. मी तसे तिला सांगितले.

“पण मग आता काय, सर?”

“आता रोज. रविवारीसुद्धा.”

“जमेल?”

“सांगता येत नाही.”

तेवढ्यात नळाला पाणी आले आणि तिला उठावे लागले. बादली सरकवल्याचाही आवाज माझ्याकडे आला नाही. रिकामी खुर्ची तेवढी दिसत होती.

“मास्तर,” सासू खाटेवरून म्हणाली, “हिची नोकरी गेली तर ही खोली पण जाते. नवऱ्याच्या नावावरची क्वार्टर हाय. तिनं नसंल सांगितलं तुमाला.”

तिने सांगितले नव्हते.

त्या संध्याकाळी मी यंत्रावरचे कापड काढले. दोनशे दहा शब्दांचा एक उतारा टंकला, त्याचे छायाचित्र घेतले आणि सकाळी सहाला पाठवले. आधी पाठवला असता तर तिने वाचून ठेवला असता. पहिले काही दिवस मी वर्तमानपत्रातून उतरवून घेतले. मग कार्यालयीन पत्रे रचली: गळक्या छताची तक्रार, रजेचा अर्ज, निविदा उघडण्याची सूचना. अशा पत्रांत शब्द फिरून फिरून तेच येतात आणि बोटे तेही पाठ करतात, हे लवकरच ध्यानात आले. नवे शब्द हवे असतील तर नवे विषय हवे होते.

संकेतस्थळ मी बंद करवले नाही. घड्याळ त्याचेच वापरले, कारण ते चुकत नसे. कानाचे काम मात्र सासूकडे दिले. अडखळले की तिने मोठ्याने सांगायचे, असे ठरले. माणसाचा आवाज गाळला जात नसल्याने तो माझ्यापर्यंत येई. तिने त्यासाठी गिरणीतला शब्द घेतला.

“तुटला!”

मी लगेच विचारी, “कोणता शब्द?” सून शब्द सांगे, मी तो कागदावर टिपून घेई आणि तास संपताना त्या शब्दांतली जोडाक्षरे वीस-वीस वेळा टंकायला देई. पहिल्या दिवशी धागा चाळीस वेळा तुटला. तिसऱ्या दिवशी सुनेचा संयम संपला.

“आई, मी सून आहे तुमची, मशीन नाही!”

“मशीनला एवढं बोलले असते तर ते सुधारलं असतं.”

“सर, तुम्ही तरी सांगा त्यांना.”

“त्या बरोबर सांगत आहेत. पुढे चला.”

“झालं! आता दोघं एका बाजूला.”

तिसऱ्या आठवड्यात माझे विषय संपले आणि मी वर्गाविषयी लिहू लागलो. खिडकी, जिना, खालच्या दुकानातून येणारा कल्हईचा वास. बावीस यंत्रे चौघांनी कशी उतरवली ते. जन्मभर दुसऱ्याचे लिहिलेले उतरवून घेण्याचे शिक्षण दिल्यामुळे स्वतःचे काही लिहिण्याची मला सवय नव्हती. दोनशे दहा शब्दांची मर्यादा मात्र सोयीची होती. एका संध्याकाळी पत्नीच्या शेवटच्या आजारपणाविषयी लिहिले. विषय हवा होता म्हणून लिहिले. रुग्णालय आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होते. ती डबा नको म्हणे आणि मी तरीही नेई, असे त्यात होते.

सकाळी सुनेने तो टंकला. खाटेवरून दोनदाच आवाज आला. शेवटची ओळ संपल्यावर ती पडद्याकडे पाहत राहिली.

“सर, हे खरं आहे?”

“उतारा आहे. चुका किती?”

“चार.”

“उद्या तीन करा.”

दुसऱ्या दिवशी “जय भीम” झाल्यावर सासू म्हणाली, “मास्तर, हिनं मला ते वाचून दाखवलं. बाईंचं नाव तरी घालायचं होतं. नुसतं पत्नी पत्नी काय!”

मी घातले नाही. परंतु डब्यात काय असे, हे पुढच्या एका उताऱ्यात लिहिले. सासूला ते कमी वाटले. “नुसता मऊभात? म्हणून नको म्हणत होत्या,” असे तिचे मत पडले.

आकडा एकवीसवरून चोवीसवर आला, मग सव्वीस. अठ्ठावीसवर तो आठ दिवस अडला. शेवटच्या चार सकाळी एकोणतीस, तीस, अठ्ठावीस, तीस असे आले. या आकड्यांवरून मी काहीही कळवले नसते. अधीक्षकाने विचारले तेव्हा मी “बसू दे” एवढेच म्हणालो.

परीक्षेचे केंद्र शीवला होते. मी येणार असे तिला सांगितले नव्हते; सांगितले असते तर तिचे लक्ष तिकडे राहिले असते. तिला मी प्रत्यक्ष प्रथमच पाहत होतो. समजलो होतो त्यापेक्षा ती बरीच ठेंगणी होती. हातात ओळखपत्र आणि एक रुमाल होता. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, पण ओळखले नाही. पडद्यावर मला टोपी नसते.

सर्व उमेदवार आत गेल्यावर मी दाराबाहेरच्या बाकावर, सवयीप्रमाणे दाराकडे पाठ करून बसलो. आत पंचवीसएक कळफलक असावेत. हल्लीच्या कळा फार आवाज करत नाहीत, तरी दाराच्या फटीतून ऐकू येत होते. कोणी धावत होते, कोणी ठेचाळत होते. भिंतीलगतचा एकजण सतत मागे जाऊन खोडत होता, त्याचे होणार नाही हे मला कळले. तिचा हात मात्र मला ओळखता येईना. सात मिनिटे मी ऐकत राहिलो. मग ध्यानात आले की पाच महिने शिकवूनही मी तो कधी ऐकलाच नव्हता. तो ऐकलेली बाई वडाळ्याला खाटेवर होती.

बाहेर येणाऱ्यांची गर्दी होण्यापूर्वी मी घरी गेलो.

निकाल लागला तेव्हा मुदतीचे एकोणीस दिवस उरले होते. सकाळी सहाला फोन आला. मी उचलला तर चेहरा सासूचा होता, फार जवळून, एक डोळा आणि कपाळ तेवढे.

“मास्तर, झाली पास. एकतीस आले.”

“चुका?”

“आता चुका काय विचारता! घे बाई, तूच सांग यांना.”

सून फोनवर आली. मी म्हणालो की प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत त्याच दिवशी कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. ती “हो सर, हो सर” म्हणाली. मागून सासू म्हणत होती, “त्यांना विचार, आता सकाळी कुणाला ओरडणार?”

बारा दिवसांनी सेवा नियमित केल्याच्या आदेशाचे छायाचित्र आले. विभागात मराठी टंकलेखन येणारी ती एकटीच राहिल्याने तो आदेश तिनेच टंकला होता. अधीक्षकाने तोच मसुदा मुद्दाम तिच्यापुढे ठेवला असावा. त्याचा स्वभाव तसा आहे. मी तो दोनदा वाचला. शब्दांत चूक नव्हती. डावा समास मात्र अर्ध्या इंचाने कमी होता आणि फाइलला भोक पाडल्यावर ओळींची पहिली अक्षरे त्यात गेली असती. मी तसे कळवले.

दुसऱ्या दिवशी नवे छायाचित्र आले. समास बरोबर होता.